बहिरेपण कोणाचें?

मनुष्याच्या दुःखांचा आपण मनांतल्या मनांत एक क्रम लावून ठेविलेला असतो आणि त्या क्रमाप्रमाणें आपली सहानुभूति वांटून देत असतों. आंधळ्याला त्यांत वरची जागा मिळते. त्याला रस्ता ओलांडून देण्यास कोणीही पुढें होतो. त्याला ‘सूरदास’ म्हणतात, आणि तो विद्वान् असेल तर ‘प्रज्ञाचक्षु’ म्हणून त्याचा गौरवही करितात. बहिऱ्यासाठीं असें एकही आदराचें नांव आमच्या भाषेनें घडविलेलें नाहीं. ‘कर्णबधिर’ हा शब्द सरकारी कागदांतला. त्यांत सभ्यता आहे, जिव्हाळा नाहीं. व्यवहारांत बहिरा म्हणजे प्रहसनांतला इसम. त्याला एक विचारावें, त्यानें भलतेंच उत्तर द्यावें आणि मंडळींनीं हंसावें, हा विनोद रंगभूमीवर आणि लग्नघरांत इतक्या वेळां झाला आहे कीं त्यांत निर्दयपणा आहे हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. ‘आंधळ्या-बहिऱ्याची गांठ’ या म्हणींत अडचण दोघांचीही सारखीच आहे. हंसूं मात्र एकट्या बहिऱ्याच्या वाट्यास येतें.

याचें एक कारण उघड आहे. आंधळेपण दिसतें, बहिरेपण दिसत नाहीं. परंतु दुसरें कारण अधिक खोल आहे, आणि तें आपल्या फारसें सोयीचें नाहीं. आंधळ्याच्या व्यंगाचा भार मुख्यतः त्याच्यावर पडतो; बहिऱ्याच्या व्यंगाचा थोडासा भार, तो बोलण्याच्या दुसऱ्या टोकाला असल्यामुळें, आपल्यावरही पडतो. एकच वाक्य तीनदां सांगावें लागतें, गुपित गुपित राहत नाहीं, विनोद दुसऱ्यांदा सांगतांना शिळा होतो. जेथें आपणांस त्रास होतो तेथें आपली सहानुभूति लवकर थकते. म्हणूनच वार्धक्यांतलें बहिरेपण हें खरोखर कोणाचें, ज्याचे कान गेले त्या एकट्याचें कीं साऱ्या घराचें, आणि तें हलकें करण्यासाठीं धडपड कोणीं करावी, हा प्रश्न मला वैद्यकाइतकाच नीतीचाही वाटतो.

विषय हवेंत राहूं नये म्हणून एक ठिकाण धरून बोलूं. लोणावळ्याच्या अंगाला भुशी आहे. पावसाळ्यांत धरणाच्या पायऱ्यांवर बसून भिजण्यास जे हजारों लोक येतात त्यांना भुशी म्हणजे धरण एवढेंच ठाऊक असतें. परंतु तेथें गांव आहे, गांवांत घरें आहेत, आणि घरांतून वृद्ध माणसें आहेत. अशा एखाद्या घरांतली आजी कल्पावी. वय पंचाहत्तरीच्या पुढें, हातपाय धड. डोळ्यांत मोतीबिंदु आला तेव्हां मुलानें तिला दवाखान्यांत नेऊन शस्त्रक्रिया करवून आणली आणि शेजारपाजाऱ्यांस तें कौतुकानें सांगितलें. कान गेले आहेत हेंही घरांत सर्वांस ठाऊक आहे. पण त्यासाठीं कोणीं कोठें नेलें नाहीं. रात्रीं जेवतांना नातू कांहीं बोलतो, सगळे हंसतात. आजी विचारते, “काय म्हणालास रे?” नातू म्हणतो, “कांहीं नाहीं, आजी.”

‘कांहीं नाहीं’ या दोन शब्दांपाशीं मी वाचकांस थोडें थांबण्याची विनंति करतों. ते शब्द नातू दुष्टपणानें बोलत नाहीं. बोललेलें खरोखरच किरकोळ होतें. तें मोठ्यानें पुन्हां सांगण्यासारखें त्याला वाटलें नाहीं. परंतु घर चालतें तें किरकोळ बोलण्यावरच. पोराची परीक्षा, गाईचें दूध, शेजारचें भांडण, सुनेच्या माहेरचा निरोप, यांतलें एकही बोलणें स्वतंत्रपणें मोलाचें नसतें. आणि तें सारें वगळलें तर त्या घरांत राहणें आणि धर्मशाळेंत राहणें यांत फारसा फरक उरत नाहीं. महत्त्वाच्या गोष्टी आजीला ओरडून सांगितल्या जातात: औषध घे, दार लाव, डॉक्टर उद्यां येणार. म्हणजे तिच्यापर्यंत आज्ञा आणि सूचना पोंचतात, संभाषण पोंचत नाहीं. पुढें तर तिच्यासमक्ष तिच्याविषयीं तृतीयपुरुषीं बोलण्याची संवय लागते. ‘ती आतां जेवली कां?’ असें तिच्या शेजारीं बसूनच सुनेला विचारलें जातें. एक दिवस आजी ‘काय म्हणालास?’ हें विचारणेंच सोडून देते, आणि घरचीं माणसें म्हणतात, “हल्लीं आजी फार शांत झाली आहे!”

या शांतपणाचें शरीरशास्त्र थोडें समजून घेतलें पाहिजे, कारण अज्ञानांतून पुष्कळसा अन्याय घडतो. आंतल्या कानांत शंखाच्या आकाराची एक पोकळी आहे. तींत हजारों सूक्ष्म केशपेशी नादाच्या लहरी झेलून मज्जातंतूंच्या हवालीं करितात. या पेशी मनुष्यांत एकदां नष्ट झाल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. वार्धक्यांत सामान्यतः उंच स्वर टिपणाऱ्या पेशी आधीं जातात, खर्जाच्या मागाहून. आतां बोलण्यांतले स्वर बहुतेक खालच्या पट्टींत असतात. स, श, फ, ट, त, क अशा व्यंजनांची खूण मात्र उंच पट्टींत असते. त्यामुळें आजीला आवाज ऐकूं येतो, शब्द ऐकूं येत नाहीं. ‘ताट’, ‘खाट’, ‘काठ’, ‘पाट’ हे सारे तिच्या कानीं एकच होऊन पडतात, आणि संदर्भावरून तिला अटकळ बांधावी लागते. अटकळ चुकली कीं आपण हंसतों. ‘लोक आजकाल पुटपुटतात’ अशी तिची तक्रार असते. ती हट्टानें केलेली नसून तिच्या अनुभवाचें अगदीं अचूक वर्णन आहे.

दुसरी एक गोष्ट तर कित्येक घरांत रोजच्या कलहाचें मूळ होऊन बसली आहे. या प्रकारच्या बहिरेपणांत हळू आवाज ऐकूं येत नाहीं, परंतु मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा वाटतो. ऐकूं येण्याची आणि असह्य होण्याची सीमा जवळजवळ येते. म्हणून आजी म्हणते, “जरा मोठ्यानें बोल”, मुलगा मोठ्यानें बोलतो, आणि लगेच ती म्हणते, “ओरडतोस कशाला?” मुलाला वाटतें, हिला ऐकूं येतें, हिला केवळ वाद घालावयाचा आहे. ‘सोयीचें तेवढें बरें ऐकूं येतें’ हा वृद्धांवरील आरोप बहुधा याच गैरसमजांतून जन्मतो.

आमच्या जुन्या तत्त्वज्ञांनाही बहिरेपणानें कोड्यांत टाकलें होतें. न्यायवैशेषिकांच्या मतें शब्द हा आकाशाचा गुण, आणि श्रोत्रेंद्रिय म्हणजे कानाच्या पोकळीनें मर्यादित झालेलें आकाशच होय. मग आकाश जर नित्य आणि अविकारी, तर त्या इंद्रियांत दोष कसा येतो? एकाला ऐकूं यावें आणि दुसऱ्याला येऊं नये, हें कसें? याचें उत्तर त्यांनीं शेवटीं अदृष्टावर, म्हणजे पूर्वसंचित धर्माधर्मावर नेऊन सोपविलें. आज आपण त्या उत्तराला हंसूं. परंतु ‘वय झालें, आतां असें व्हावयाचेंच’ हें जें आपण म्हणतों तें अदृष्टाहून कोठें वेगळें आहे? नैयायिकांना निदान कारण शोधण्याची तळमळ होती. आपण ‘स्वाभाविक’ हा शब्द उच्चारतों तो बहुतेक वेळां कारण सांगण्यासाठीं नव्हे, प्रयत्नांतून सुटका करून घेण्यासाठीं.

‘स्वाभाविक’ या शब्दानें काय काय झांकलें जातें याचा एक दाखला भुशीच्या पाण्याशींच दुरून जोडलेला आहे. तेथील धरण गेल्याच्या आधींच्या शतकांत जी. आय. पी. रेल्वेनें बांधलें, तें वाफेच्या इंजिनांस पाणी पुरविण्यासाठीं. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली, आणि तो चढ चढणाऱ्या इंजिनांची तहान मोठी होती. हीं इंजिनें ज्यांच्या बॉयलरांवर चालत, ते बॉयलर हातोड्यांनीं ठोकून घडविणारे विलायतेंतील कामगार बहिरे होत असत. तें इतकें सार्वत्रिक होतें कीं त्या धंद्याचा तो धर्मच समजला जाई. १८८६ सालीं ग्लासगोच्या टॉमस बार या कर्णवैद्यानें अशा शंभर कामगारांचे कान तपासले. त्यांत एकाचीही श्रवणशक्ति शाबूत आढळली नाहीं. शंभरांतले शंभर बहिरे असले म्हणजे बहिरेपण हें दुःख राहत नाहीं, रीत होते. म्हाताऱ्यांच्या बाबतींत आपण नेमकें हेंच केलें आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि त्याला बगल देणें बरें नव्हे. आक्षेप असा, कीं आजीलाच जर यंत्र नको असेल तर तिच्यावर सक्ति करणारे आपण कोण? ती स्वतःच म्हणते, “आतां मला काय ऐकावयाचें राहिलें आहे? खर्च कशाला करतां?” शिवाय आमच्या परंपरेंत वार्धक्याचा संबंध निवृत्तीशीं आहे, जगाचा कलकलाट आपोआप दूर झाला तर तें एका अर्थीं भाग्यच नव्हे काय?

निवृत्तीची गोष्ट आधीं घेऊं. निवृत्ति म्हणजे सोडणें. आणि जें हातांत आहे तेंच सोडतां येतें. हिसकावून घेतलेल्या वस्तूचा त्याग होत नसतो. नवविधा भक्तींत पहिलें स्थान श्रवणाला आहे, आणि उपनिषदांतील श्रवण, मनन, निदिध्यासन या क्रमांतही श्रवणच पहिलें. जगाकडे पाठ फिरविलेल्या माणसासही ज्या इंद्रियाची गरज उरते तें कानाचें. कीर्तनास जाऊन टाळ तेवढे ऐकूं यावेत आणि निरूपणांतलें एक अक्षर कळूं नये, याला मी तरी वैराग्य म्हणणार नाहीं.

आतां नकाराविषयीं. वृद्ध माणसाचा नकार मानला पाहिजे, या तत्त्वाशीं माझें मुळींच भांडण नाहीं. म्हाताऱ्यांच्या हिताच्या नांवाखालीं त्यांच्यावर पुष्कळ जुलूम होतात. परंतु नकार कशाला दिला आहे, हें आधीं पाहावें लागतें. हें बहिरेपण इतकें हळूहळू येतें, कीं काय गमावलें याची मोजदाद त्या माणसाजवळ नसते. ज्याला अंधार पडतो त्याला अंधार दिसतो. ज्याला ऐकूं येत नाहीं त्याला आपण काय ऐकलें नाहीं हें कसें कळावें? आणि ‘खर्च कशाला’ या उद्गारांत तर नकार नसून बहुधा सौजन्य असतें. मुलाच्या मिळकतीचा अंदाज तिला असतो, नातवाची फी तिला ठाऊक असते, आणि आपल्यापायीं कोणाला तोशीस पडूं नये हा तिच्या जन्माचा वळणा झालेला असतो. तिचें हें सौजन्य तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरणें हा अप्रामाणिकपणा आहे. माझ्या मतें न्याय्य मार्ग एकच: तपासणीच्या खोलींत तिच्या कानांस जुळविलेलें यंत्र घटकाभर लावावें, नातवाला नेहमींच्या आवाजांत बोलूं द्यावें, घरीं नेऊन थोडे दिवस वापरूं द्यावें, आणि त्यानंतर ती जर ‘नको’ म्हणाली, तर तो नकार शिरसावंद्य मानावा. नकार देण्यासाठींही आधीं ऐकूं यावें लागतें.

नकाराच्या मुळाशीं लाज असते तीही विसरूं नये. १८०२ सालीं, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, बेटोफेननें व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट गांवीं आपल्या भावांना उद्देशून एक पत्र लिहिलें. तें त्यानें कधींच पाठविलें नाहीं, आणि १८२७ सालीं त्याच्या मृत्यूनंतर तें कागदपत्रांत सांपडलें. लोक मला तुसडा आणि मनुष्यद्वेष्टा समजतात, पण मी ऐकूं येत नाहीं म्हणून दूर राहतों, आणि ‘मोठ्यानें बोला’ असें सांगण्याचें मला धैर्य होत नाहीं, असा त्याचा आशय आहे. एवढ्या मोठ्या पुरुषाला जें सांगवलें नाहीं तें भुशीच्या आजीनें आपण होऊन सांगावें, अशी अपेक्षा आपण करतों! चष्मा लावला कीं मनुष्य शहाणा दिसतो. कानांत यंत्र घातलें कीं म्हातारा दिसतो. दोन्ही उपकरणांचें काम एकच आहे, परंतु हा भेद डोळ्यांनीं किंवा कानांनीं केलेला नसून आपण केलेला आहे. वर्गांत आयुष्यभर बोलून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हें अधिक जाणवतें. मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला फळा दिसत नसेल तर तो हात वर करतो, ऐकूं येत नसेल तर तो गप्प बसतो आणि मठ्ठ ठरतो.

अलीकडे या विषयांत एका नव्या युक्तिवादाची भर पडली आहे. मध्यम वयांत आलेलें व उपचार न केलेलें बहिरेपण हें पुढील स्मृतिभ्रंशाच्या टाळतां येण्याजोग्या कारणांपैकीं एक आहे, असें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या अभ्यासमंडळानें २०२० सालीं नमूद केलें. २०२३ सालीं अमेरिकेंतील सुमारें एक हजार वृद्धांवर तीन वर्षें चाललेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: एकंदर पाहतां श्रवणोपचारानें बुद्धीच्या ऱ्हासांत फरक पडला नाहीं, परंतु ज्यांना ऱ्हासाचा धोका मूळचाच अधिक होता त्यांच्यांत त्याची गति जवळजवळ निम्म्यानें मंदावली. हें ज्ञान मोलाचें आहे. तथापि आपलें कर्तव्य त्याच्यावर उभारण्यास माझें मन घेत नाहीं. आजीला ऐकूं यावें, कारण तसें न झाल्यास उद्यां तिची शुश्रूषा आपल्याला महाग पडेल, हा हिशेब आहे. तो चुकीचा नाहीं, पण खालच्या पायरीचा आहे. उद्यां तो प्रयोग उलटा निघाला तरी जेवणाच्या पानावरचा तो प्रश्न, ‘काय म्हणालास रे?’, जेथल्या तेथेंच राहील.

आतां धडपड म्हणजे प्रत्यक्षांत काय? येथें बहुतेक सुशिक्षित कुटुंबें एक चूक करितात. तीं यंत्र शोधतात. शोधावयाचा असतो तो श्रवणतज्ज्ञ, ज्याला इंग्रजी वळणानें ऑडिओलॉजिस्ट म्हणतात. दुकानांतून किंवा टपालानें आणलेलें यंत्र सरसकट सगळेच आवाज मोठे करूं लागलें, तर ज्या कानाला केवळ उंच स्वरांची मदत हवी आहे त्याच्यावर तो अत्याचार होतो. आणि मग यंत्र फडताळांत जातें व ‘तिला तें सोसलें नाहीं’ असा निकाल लागतो. श्रवणतज्ज्ञ आधीं कानांत डोकावून पाहतो. कधीं कधीं सारें बहिरेपण मळाच्या एका बोळ्यांत सांठलेलें असतें. मग नीरव खोलींत प्रत्येक पट्टीचा स्वर किती हळू ऐकूं येतो याचा आलेख काढतो, हवेंतून आणि हाडांतून अशा दोन्ही वाटांनीं. दोष बाहेरच्या वा मधल्या कानांत दिसला, तर तो कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवितो. (एका कानाचें ऐकणें एकाएकीं गेलें, तर मात्र यांतलें कांहींच करीत न बसतां त्याच दिवशीं त्या तज्ज्ञाकडे धांवावें; तेथें दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो.) त्या आलेखावरून यंत्र जुळविलें जातें. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानें या व्यवसायासाठीं नोंदणी आवश्यक केलेली आहे. तेव्हां तपासणाऱ्यास नोंदणीविषयीं विचारणें यांत अविश्वास नाहीं. ‘मोफत तपासणी’ची पाटी पाहून आंत गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत किंमतीची गोष्ट निघाली, तर उठून यावें.

आणि हा तज्ज्ञ जवळचा असावा, यालाही अर्थ आहे. यंत्र ही एकदां विकत घेऊन संपणारी वस्तु नाहीं. पहिल्या कांहीं महिन्यांत तें तीन-चारदां तरी नव्यानें जुळवावें लागतें. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून या विषयाचें राष्ट्रीय केंद्र आहे, पुण्यांतही सोयी आहेत. परंतु भुशीच्या आजीला प्रत्येक वेळीं मुंबई किंवा पुणें गांठावयाचें म्हणजे मुलाची एक रजा, गाडीची दगदग आणि तिच्या मनावरचें ओझें. दुसऱ्या फेरीनंतर ती आपण होऊन म्हणते, “राहूं दे.” लोणावळ्यांत चौकशी करावी, न जमल्यास तळेगांव दाभाड्यास वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय आहे, आणि तेथवर लोकल गाडी जाते. मावळांतल्या माणसाला मावळांतल्या हवेचीही जाण असते. लोणावळ्यास वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. भिंतींना, कपड्यांना, पापडांना जी ओल लागते तीच या नाजूक यंत्राला लागते. रात्रीं तें ओल शोषणाऱ्या खड्यांच्या डबींत ठेवावें लागतें. कोरड्या हवेंत बसून यंत्र देणाऱ्यास हें सांगण्याची आठवण राहीलच असें नाहीं.

पैशाची बाजू मी थोडक्यांत आटोपतों. यंत्रांच्या किंमती कांहीं हजारांपासून लाखाच्याही वर जातात. २०१७ सालीं केंद्रसरकारनें राष्ट्रीय वयोश्री योजना काढून गरीब वृद्धांस इतर साधनांबरोबर श्रवणयंत्रें देण्यास आरंभ केला; २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें पासष्टीपुढील अल्प उत्पन्नाच्या नागरिकांसाठीं मुख्यमंत्री वयोश्री योजनेंतून एकरकमी तीन हजार रुपये मंजूर केले. उद्देश चांगला आहे. परंतु शिबिरांत कानांत यंत्र घालून घरीं पाठविलेल्या माणसाची पुढली जुळवणी जवळपास कोठें होणार, याची सोय नसेल तर सरकारनेंही तीच चूक केली जी सुखवस्तु मुलगा करतो: वस्तु दिली, माणूस दिला नाहीं.

यंत्र आल्यानंतर घराचें काम सुरू होतें. वर्षानुवर्षें शांततेंत राहिलेल्या मेंदूला आवाजांची निवड पुन्हां शिकावी लागते. पहिल्या आठवड्यांत आजीला भांड्यांचा आवाज कानांत टोंचतो, वर्तमानपत्राची घडी मोडतांना ती दचकते, आणि पत्र्यावर पडणारा आषाढाचा पाऊस तर तिला असह्य होतो. ती यंत्र काढून ठेवते. त्या वेळीं घरच्यांनीं समोर बसून, तोंड दिसेल असें, न ओरडतां बोलावें. दूरदर्शन बंद ठेवावें. आणि आतां तिला ऐकूं येतें, तेव्हां तिच्याविषयीं बोलण्याचें सोडून तिच्याशीं बोलावें. सुनेला आणि मुलाला हें प्रारंभीं जड जाईल, कारण इतक्या वर्षांत कांहीं गोष्टी तिच्यासमक्ष निर्धास्तपणें बोलण्याची त्यांना संवय झालेली आहे. पंधरवड्यानें पावसाचा आवाज कमी करून घेण्यासाठीं तिला पुन्हां तज्ज्ञाकडे न्यावें लागतें. तो बहुधा शनिवार असतो, धरणाकडे जाणाऱ्या मोटारींनीं रस्ता तुंबलेला असतो, आणि त्या दिवशीं तिला स्टेशनापर्यंत कोणीं न्यावयाचें हें घरांत आधींच ठरलेलें असावें लागतें.